सावलीच्या कडेला पाणी

कास्तुलो बोहोर्केझने एक्केचाळीस वर्षं सान तादेओ शहराला पाणी पाजलं. त्यातला थेंबही त्याचा नव्हता. पाणी नदीचं, कालवा कंपनीचा, पाळी ज्याची त्याची. तो नुसता पाटकरी. ठरल्या वेळी दार उघडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं आणि मधल्या वेळात शिव्या खायच्या. वरच्याला वाटायचं, आपलं पाणी लवकर तोडलं. खालच्याला वाटायचं, आपल्याला उशिरा सोडलं. वाळवंटात पाणी देणाऱ्याला कुणी दुवा देत नाही. सगळे घड्याळ बघतात.

एकोणिसाव्या वर्षी तो या कामाला लागला. त्याआधी बापाबरोबर कापसात होता. बाप म्हणाला होता, "वाकावं लागणार नाही असं काम धर." दाराचं लोखंडी चाक फिरवायला वाकावंच लागायचं. ते त्याने बापाला कधी सांगितलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्याला टोपी दिली. जन्म उन्हात काढलेल्या माणसाला टोपी. तीही काळी. त्याची बायको मेलिदा टोपी हातात फिरवून म्हणाली, "छान आहे. हिच्यात राजमा शिजेल."

ला नोरिया पार्क त्याच्या पाळीतलं. शहरातलं सगळ्यात मोठं. दक्षिणेच्या अंगाला कालवा, कालव्यालगत बावीस फ्रेस्नो झाडांची रांग आणि त्या रांगेखाली शहराच्या दक्षिण भागातली निम्मी माणसं. बाप्तिस्मे, वाढदिवस, सोयरिकी, भांडणं, सगळं तिथेच. घरात एवढी माणसं मावत नाहीत आणि बाहेर ऊन उभं राहू देत नाही. मग जायचं कुठे? फ्रेस्नोखाली.

एक बुधवार सोडून दुसऱ्या बुधवारी, भर दुपारी, पार्कची पाळी असायची. पोरं चपला हातात घेऊन कालव्याकडे तोंड करून उभी राहायची. कास्तुलो चाक फिरवायचा. पाणी गवतातून चालत यायचं. धावत नाही, चालत. पुढे किडे पळायचे, त्यांच्यामागे पक्षी उतरायचे, पक्ष्यांमागे पोरं. तासाभरात अख्खी दक्षिण बाजू घोटाभर पाण्यात. "दाराजवळ कोण गेलं तर तंगडी मोडीन!" तो बांधावरून ओरडायचा. त्याने कुणाची मोडली नाही. तीन पिढ्यांनी मात्र ती धमकी ऐकली.

तीन वर्षांपूर्वी ते बंद झालं. शहराने पाणी वाचवायचं ठरवलं. ठरवावंच लागणार होतं. नदी आटत चालली होती, हे कास्तुलोला कुणी सांगायची गरज नव्हती. कालव्याच्या भिंतीवरची ओल दर वर्षी बोटभर खाली उतरताना त्यानेच पाहिली होती. पण वाचवायचं कुणाचं? पार्कच्या उत्तरेला तळं आहे. तळ्यात कारंजं आहे. जूनच्या उन्हात ते पाणी उडवतं आणि बरंचसं खाली पडायच्या आतच हवेत विरतं. तळ्यापलीकडे गोल्फचं मैदान. ते हिरवंगार राहिलं. वाचवलं ते दक्षिणेचं. गवत खरवडलं, खडी पसरली, झाडांना ठिबक बसवलं आणि पाटी लावली: 'तुमचं पार्क पाणी वाचवतं.'

त्या वेळी कास्तुलो सभेत जाऊन बोलला होता. त्याला दोन मिनिटं मिळाली. पहिलं मिनिट माईक सुरू होण्यात गेलं. दुसऱ्यात तो म्हणाला, "ठिबक लावा, माझी ना नाही. पण कुठे लावता ते मला विचारा." समोरच्यांनी हसून आभार मानले. विचारलं कुणीच नाही.

त्याला तीन उन्हाळे झाले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी कुकाच्या नातवाचा वाढदिवस होता. कुका मेलिदाची मावसबहीण. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. तिने सकाळीच येऊन टेबलाला फुलाफुलांचं प्लास्टिक बांधून ठेवलं होतं. दक्षिणेत असं काही बांधलं की जागा आपली झाली. त्याला कुणी हात लावत नाही. मांस भाजायला लागलं होतं, जास्वंदीच्या सरबताचा मोठा डबा टेबलावर आला होता, फांदीला खाऊने भरलेलं, काठीने फोडायचं कागदी गाढव टांगलं होतं. ती फांदी उघडी होती. पार्कातल्या इतर झाडांना पालवी येऊन महिना झाला होता. पालो वेर्दे पिवळ्याधमक फुलल्या होत्या. फ्रेस्नोला पान नव्हतं.

कास्तुलो खुर्ची उघडत होता. अर्ध्यावर थांबला. बुंध्यावर छातीच्या उंचीला लाल रंगाचा पट्टा होता. पुढच्या झाडालाही. तो रांगेच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"बावीस," तो म्हणाला.

"काय बावीस?" कुकाने विचारलं.

"पट्टे."

"ईस्टरची सजावट असेल."

"लाल पट्टा कापायच्या झाडाला मारतात."

"अरे म्हाताऱ्या, आधी बस तरी," मेलिदा म्हणाली. "तू उभा राहिलास म्हणून ती वाचणार आहेत का?"

तो बसला नाही. खालची एक काडी धरून त्याने अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत हिरवट ओली रेघ उमटली.

"जिवंत आहे."

"दिसत तर नाही तसं," कुका म्हणाली.

"सकाळी तोंड धुवायच्या आधी तूही दिसत नाहीस."

सगळे हसले. कुका सगळ्यात जोरात. कास्तुलो हसला नाही. तो जेवला, गाढव फुटताना बघत उभा राहिला, नातवाला पाठीवर थाप दिली. पण त्याचं लक्ष वर फांद्यांत होतं. याच फांद्यांखाली त्याच्या दोन मुलींचे बाप्तिस्मे साजरे झाले होते. आठवणींचं म्हणाल तर त्याला त्यांचं एवढं काही नव्हतं. बावीस झाडं गेली, तर जुलैत ही माणसं उभी कुठे राहणार, हा त्याचा प्रश्न होता. नवं झाड सावली द्यायला वीस वर्षं घेतं. एवढी वर्षं यांनी खडीवर बसायचं?

संध्याकाळी आवराआवर झाली. कुकाने बर्फाची मोठी पेटी उचलली आणि वितळलेलं गार पाणी एका दमात झाडाच्या बुंध्याशी ओतलं. "घे रे बाळा, पी," ती झाडाला म्हणाली.

"काय करतेस!"

कास्तुलो इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या तीन टेबलांवरची माणसं वळली.

"पाणी घालतेय. बिचारं तहानलंय."

"कुठे घालतेयस?"

"झाडाला! तीन वर्षं घालतोय आम्ही. दर रविवारी. ती साल्सिदोची माणसंही घालतात, ते पलीकडचेही घालतात. तुला काय वाटलं, आम्हाला काळीज नाही?"

"तू जेवताना ताट पायांवर ओततेस का?"

कुकाचं तोंड उघडंच राहिलं.

"झाडाचं तोंड बुंध्याशी नसतं, बाई! चाळीस वर्षं मी पाणी मैदानभर सोडलं. मुळं पाण्यामागे गेली. ती इथे कशाला बसतील?" तो झाडापासून चालत निघाला. दहा पावलं, बारा, पंधरा. फांद्यांची टोकं संपली तिथे थांबून त्याने बुटाच्या टाचेने खडीत रेघ ओढली. "इथे. सावली संपते तिथे. आणि इथून पुढे."

मग तो परत आला आणि बुंध्याभोवतीची काळी नळी बुटाने उचलून दाखवली. पट्टा बांधल्यासारखी ती झाडाला घट्ट बिलगलेली होती.

"शहराने इथे थेंब दिले. तुम्ही इथे बर्फाचं पाणी दिलं. दोघांनी मिळून तीन वर्षं याचे पाय धुतले. पाजलं कुणीच नाही."

 कुकाने रिकामी पेटी हळूच खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिला आवडलं नव्हतं.

"हे तीन वर्षांपूर्वी सांगता आलं नाही तुला?" ती म्हणाली.

 तीन वर्षं कास्तुलो दर रविवारी याच झाडाखाली बसला होता. लोक जाताना पेट्या रिकाम्या करतात हे त्याने पाहिलं होतं. शहरावरचा राग धरून बसताना समोरच्या बादलीकडे लक्ष गेलं नव्हतं.

सोमवारी तो पार्कच्या कचेरीत गेला. टेबलापलीकडे यारेली ओचोआ बसली होती. वय तिशीच्या आत, दक्षिण भागाची देखरेख तिच्याकडे.

"तू कुणाची गं?" कास्तुलोने विचारलं.

"कालव्याकडच्या ओचोआंची. तुम्ही मला ओळखत नाही, ताता, पण मी तुम्हाला ओळखते. तुम्ही माझी तंगडी मोडणार होतात."

"मोडायला हवी होती. मग तू त्या झाडांना पट्टे मारायला आली नसतीस."

"पट्टे मी नाही मारले. बाहेरून तज्ज्ञ आले होते. त्यांचा अहवाल आहे. बावीसही झाडं मृत."

"त्यांनी साल खरवडली का?"

"फोटो काढले."

"फोटो काढून माणूस मेला का ते कळतं?"

यारेलीने समोरची फाईल उघडली. मग तिने बघून नियम सांगितला. पालवी आली तर झाड तोडायचं नाही. डोळा फुटलेला दिसला तरी पुरे. तोडणी ईस्टरनंतरच्या सोमवारी.

"तीन आठवडे," कास्तुलो म्हणाला. "त्याआधी नाही?"

"त्याआधी नाही."

"शब्द?"

"शब्द, ताता."

"ठिबक बाहेर सरकव."

"त्याला वरून मंजुरी लागते."

"मंजुरी! चुकीच्या जागी लावताना लागली होती?"

"लागली होती," यारेली म्हणाली, आणि तिलाच ते कसंतरी वाटलं.

त्या संध्याकाळपासून दक्षिण भागातल्या लोकांनी पाणी आणायला सुरुवात केली. पिकअपच्या मागे निळी पिंपं, दुधाचे कॅन, पोरांच्या अंघोळीचे टब. कुणी कपड्यांच्या शेवटच्या पाण्याची बादली धरून पायी यायचं. कास्तुलो प्रत्येक झाडाभोवती टाचेने रेघ ओढायचा आणि त्या रेघेवर खडी सारून वीतभर खोल चर खणून घ्यायचा. चराच्या आत, बुंध्याकडे ओतलं की ओरडायचा. चरात किंवा त्याबाहेर ओतलं की काही म्हणायचा नाही. तेवढीच शाबासकी.

कालव्याच्या टोकाकडून सुरुवात केली, कारण गाड्या आत यायचं फाटक तिकडे होतं. एका झाडाला एका वेळी पाच पिंपं. बावीसांना एकदम पुरे पडणं शक्यच नव्हतं. "पहिल्या तिघांना आधी पोटभर," तो म्हणाला. "यांना डोळे फुटले की बाकीच्यांसाठी दाखवायला होईल."

दुसऱ्या रविवारी पहारेकरी आला.

"इथे पाणी ओतायला मनाई आहे."

"ओतलं नाही," कुका म्हणाली. "सांडलं."

"पाच पिंपं सांडली?"

"हात थरथरतात माझे. वय झालं."

"बाई, हे चर काय आहेत?"

"ईस्टरची अंडी लपवायला. तुझी पोरं येतात ना ईस्टरला? इथेच शोधतील. का सांगू त्यांना, बापाने बुजवले?"

 मग पहारेकऱ्याला भाजलेल्या मांसाची एक पोळी मिळाली आणि तो उत्तरेकडे गेला. तिकडे कारंजं उडत होतं. त्याला कुणी मनाई केली नव्हती.

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आठ दिवस आधी, कास्तुलो चर्चमधून थेट पार्कात आला. मान वर करून बराच वेळ उभा राहिला. मेलिदा मागून धापा टाकत आली.

"काय झालं? मान धरली का?"

"बघ."

पहिल्या तिन्ही झाडांच्या फांद्यांवर डोळे फुगले होते. तांदळाच्या दाण्याएवढे, तपकिरी, टोकाला हिरवी फट. चौथ्यावर तुरळक. पुढे अजून काही नाही. कुकाने झाडाला हात लावायला घेतला तर कास्तुलोने तिचा हात धरला. "नको. यारेलीला दाखवायचंय ते."

त्याने तिथूनच यारेलीच्या कचेरीत फोन केला. रविवार होता. यंत्र बोललं. त्यालाही तो नीट उभा राहून बोलला: "मी कास्तुलो बोहोर्केझ. पहिल्या तीन झाडांना डोळे फुटलेत. येऊन बघ."

सोमवारी तो वाट बघत बसला. कुणी आलं नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता तो पाव आणायला निघाला आणि रस्त्यातच त्याला करवतीचा आवाज ऐकू आला. यंत्राच्या करवतीचा. तो धावला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस धावतो तसा धावला.

गाडी कालव्याकडच्या फाटकातून आत आली होती. त्यामुळे कापायला सुरुवातही तिकडूनच झाली होती. पहिली तीन झाडं आडवी पडली होती. ज्यांना सगळ्यात जास्त पाणी दिलं होतं, तीच तीन. फांद्यांवरचे डोळे खडीत घासले गेले होते. शिरस्त्राण घातलेला एक पन्नाशीचा माणूस करवत घेऊन चौथ्याकडे चालला होता.

"थांब!"

करवतीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? कास्तुलोने सरळ त्याच्या खांद्यावर हात मारला. माणूस दचकला आणि त्याने करवत बंद केली.

"वेडे आहात का, ताता? हात गेला असता तुमचा!"

"तुझं नाव काय?"

"एराक्लियो."

"गाव?"

"नावोहोआ. सोनोरा."

"शेतीचा मुलूख. मग तुला झाड कळतं. चल इकडे."

त्याने एराक्लियोला मनगटाला धरून पहिल्या बुंध्याकडे नेलं. कापलेला भाग पांढरा, ओला होता. सालीच्या आतल्या कडेने पाणी वर येत होतं, थेंब थेंब, आणि खडीवर ओघळत होतं.

"हातमोजा काढ. हात लाव."

एराक्लियोने हातमोजा काढला. बुंध्यावर तळवा ठेवला. उचलला तेव्हा तो चमकत होता.

"हे मेलेलं आहे का?"

 एराक्लियोने दुसऱ्या बुंध्याला हात लावला. मग तिसऱ्याला. मग त्याने खाली पडलेली एक फांदी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"मला यादी दिलीय, ताता. यादीत मृत म्हणून लिहिलंय."

"तुला कापताना कळलं नाही? लाकूड कोरडं लागतं की ओलं, हे करवतीला कळत नाही?"

"कळलं," तो हळूच म्हणाला. "पहिलं कापताना कळलं."

"आणि पुढची दोन?"

"यादीत होती."

कास्तुलोने त्याला शिवी दिली. ती इथे लिहिण्यासारखी नाही. एराक्लियोने ती खाली मान घालून ऐकून घेतली. मग करवत गाडीत ठेवली, साहेबाला फोन लावला आणि म्हणाला, "मला मेलेली झाडं कापायला पाठवलंय. इथे मेलेली नाहीत. आता तुम्ही येऊन बघा, नाहीतर दुसऱ्याला पाठवा. मी जेवतोय." फोन ठेवून तो गाडीच्या पायरीवर बसला आणि त्याने डबा उघडला. सकाळचे साडेसात वाजले होते. त्याला भूक नसावी. पण त्याने खाल्लं.

अर्ध्या तासाने यारेली आली. गाडीतून उतरतानाच तिला तीन बुंधे दिसले. ती जागीच उभी राहिली.

"ईस्टरनंतर म्हणाली होतीस," कास्तुलो म्हणाला.

"वरून तारीख बदलली. ईस्टरला इथे गर्दी होते. वाळलेली फांदी एखाद्या पोरावर पडली तर..."

"वाळलेली? ही?"

"मला काल दुपारी सांगितलं, ताता."

"आणि माझा निरोप?"

"काल संध्याकाळी ऐकला."

"म्हणजे ऐकलास."

"मी साहेबांना कळवलं. ते म्हणाले, आता गाडी ठरलीय."

"गाडी ठरलीय! मग तू सकाळी सहाला इथे येऊन उभी का नाही राहिलीस? माझं घर तुला माहीत आहे. माझ्या दारावर थाप का नाही मारलीस? मी आलो असतो. कुका आली असती. अख्खी दक्षिण आली असती! शब्द दिला होतास तू. कागदाने नाही, तोंडाने."

 यारेली बुंध्याजवळ गेली आणि वाकली. कुणी न सांगता तिनेही हात लावला.

मग बरंच फोनवर बोलणं झालं. ती दूर जाऊन बोलत होती, पण तिचा आवाज चढत गेला आणि शेवटी सगळ्यांना ऐकू आला: "नाही, मी सही करणार नाही. तुम्ही या आणि करा." परत आली तेव्हा तिचं तोंड लाल झालं होतं. राहिलेली एकोणीस झाडं पुढच्या वसंतापर्यंत उभी राहतील, असं तिने सांगितलं. ठिबकच्या नळ्या या आठवड्यात सावलीच्या कडेला सरकतील. चर बुजवायचे नाहीत.

एराक्लियोने डब्याचं झाकण लावलं. त्याला वाटलं, म्हातारा आता आभार मानेल.

"या तिघांचं काय लिहिणार?" कास्तुलोने विचारलं.

"कुठे?"

"तुमच्या त्या अहवालात. यांच्यापुढे काहीतरी लिहीत असालच."

यारेलीने गाडीतून कागदांची पाटी आणली. बावीस ओळी. 'तोडणीचं कारण' असा रकाना, आणि त्यात बावीसही ठिकाणी आधीच छापलेलं: मृत.

"खोड ते."

"ताता, एकोणीस वाचली ना?"

"वाचली. ही तीन मेलेली नव्हती. खोड."

"हा अहवाल तज्ज्ञांचा आहे. मला त्यात..."

"खोड."

"तिथे तीन नवी रोपं लावू. हवं तर तुमच्या नावाची पाटी..."

"माझ्या नावाची पाटी नको! पाटी लावायला मी काय मेलोय? तीही मेली नव्हती. तुम्ही जिवंत झाड कापता आणि कागदावर त्याला मेलेलं म्हणता. उद्या दुसऱ्या पार्कात हाच कागद दाखवून आणखी बावीस कापाल. तिथे कोण कास्तुलो असणार आहे?"

यारेलीने पेन काढलं. पहिल्या ओळीतला 'मृत' खोडला. थोडा विचार केला आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं. कास्तुलोने मान वाकडी करून वाचलं.

"ओलसर?"

"लाकूड ओलसर आढळलं. हे खरं आहे."

"ओलसर तर फडकंही असतं! दुधात बुडवला की पावही ओलसर होतो! काय शब्द शोधलास! कुठे शिकवतात हे तुम्हाला?"

एराक्लियोला हसू आलं. त्याने ते गिळलं.

यारेलीने 'ओलसर' खोडलं. कागद त्या जागी जवळजवळ फाटला होता. तिने नवं लिहिलं. मग दुसऱ्या ओळीत, मग तिसऱ्या.

"तारीख घातलीस?"

"घातली."

"सही?"

तिने सही केली.

"वाच."

तिने पुटपुटल्यासारखं वाचलं.

"एराक्लियोला ऐकू आलं नाही," कास्तुलो म्हणाला.

"आलं," एराक्लियो म्हणाला.

"त्याला आलं नाही. मोठ्याने वाच."

यारेलीने कागद वर धरला. घसा साफ केला. "झाड एक, जिवंत होतं," तिने वाचलं. "झाड दोन, जिवंत होतं. झाड तीन, जिवंत होतं."